चाकांवरचे घर घेऊन महाडला

सोलापूरच्या माणसाला रस्ता म्हटला की सरळ रेघ डोळ्यांपुढे येते. विजापूर रोड घ्या, हैदराबाद रोड घ्या, नाहीतर अक्कलकोटकडे निघा. दोन्ही अंगांना काळी रानं, ज्वारी, तूर, अलीकडे ऊस, आणि चढ म्हणावा तर रेल्वेवरच्या पुलाचा. असल्या सपाट मुलखातील आम्ही सहा माणसे यंदा जानेवारीत चाकांवरचे घर घेऊन, म्हणजे ज्याला मोटरहोम किंवा कॅराव्हॅन म्हणतात त्या गाडीने, महाबळेश्वर चढून आंबेनळी घाटाने महाडला उतरलो. त्या प्रवासाची हकीकत वाचक बंधुभगिनींच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

हिशेब साधा आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. आणि महाड खाली कोकणात, सावित्री नदीच्या काठी, जवळजवळ समुद्राच्याच पातळीला. म्हणजे जेवढे चढायचे त्याहून पुष्कळ जास्त उतरायचे. मोठ्या गाडीची खरी परीक्षा चढावर होत नाही, उतारावर होते, हे ध्यानात ठेवूनच निघावे लागते.

गाडी आणि माणसे

आमच्यात आई होत्या, वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. आत्या होत्या. आम्ही दोघे पतिपत्नी. आमचे दाजी, ज्यांनी एसटीत अठ्ठावीस वर्षे चालक म्हणून काढली. आणि त्यांची लेक, जी सोलापुरात शाळेच्या मुलांची गाडी चालवते. गाडी पुण्याहून भाड्याने आणली. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली, साधारण सात मीटर लांब, तीन मीटरच्या जवळपास उंच. आत झोपायला बाक, दोन शेगड्यांचा ओटा, लहानसे संडास-न्हाणीघर, शंभर लिटर चांगल्या पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची वेगळी टाकी.

एवढा खर्च कशाला, असे शेजाऱ्यांनी विचारलेच. कारण सांगतो. आपल्याकडच्या बाया लांबच्या प्रवासात सकाळपासून पाणी पीत नाहीत. रस्त्यात आडोसा कुठे मिळेल, मिळाला तर स्वच्छ असेल का, या धास्तीने ओठ सुकवून बसतात. आई गेली चार वर्षे महाडचे नाव काढत होत्या आणि दर वेळी याच कारणाने बेत मोडत होता. गाडीतच सोय आहे म्हटल्यावर आई म्हणाल्या, "मग चला. आता पाणी पिऊन प्रवास करू."

दाजींनी आदल्या रात्री गाडीची तपासणी केली ती एसटीच्या शिस्तीने. टायरची हवा, जॅक, चाकाखाली लावायच्या लाकडी उट्या, दिवे, भोंगा. मग आत आले. पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली. अर्धी टाकी वळणावर हिंदकळते आणि गाडीला धक्का देते, म्हणून ती भरलेली तरी असावी नाहीतर रिकामी तरी. जड सामान, तांदूळ-पिठाचे डबे, सगळे खाली. वरच्या फळ्यांवर फक्त अंथरुणे. उंच गाडीचा भार वर गेला की ती वळणावर कलते. गाडी चालू असताना गॅसची टाकी बंद राहील, हा शेवटचा नियम. परवान्याचे म्हणाल तर साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन हलक्या वाहनात मोडते, आणि त्या परवान्यावर तेवढ्या वजनाचे प्रवासी वा मालवाहू वाहनही चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. लेकीचे कागद चोख होते.

माणदेश ओलांडताना

पहाटे पाचला मोहोळ-पंढरपूरच्या वाटेला लागलो. पंढरपूर मागे टाकून म्हसवड, दहिवडी, पुसेगाव असा रस्ता धरला. हा माण आणि खटाव तालुक्यांचा टापू. पाऊस इथवर येईतो सह्याद्रीच्या पलीकडे सांडून गेलेला असतो. म्हणून उघडे माळ, मेंढरांचे कळप आणि कोरडे ओढे. दहिवडीच्या पुढे एका लिंबाखाली गाडी लावली. आत्यांनी घरून आणलेल्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही काढले. ओट्यावर पिठले रटरटले.

याच खटाव तालुक्याच्या वाटेवर १९०१ साली चार मुले बैलगाडीत बसली होती. त्यांत नऊ वर्षांचे भीमराव होते, थोरले भाऊ होते आणि बहिणीची मुले होती. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. मध्यरात्रीच्या सुमारास ती गाडी टोलनाक्याच्या झोपडीपाशी थांबली. मुलांच्या डब्यात जेवण होते, पण घोटभर पाणी मिळाले नाही. अन्न समोर असून पोरे उपाशी राहिली आणि आळीपाळीने जागत गाडीतच निजली. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

जेवण झाल्यावर ही हकीकत आईंनीच सांगितली. लेक नळाखाली ताटे धूत होती. तिने नळ बंद केला आणि ऐकत उभी राहिली.

पसरणीचा चढ

कोरेगाव, सातारा करत वाईला पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. वाईतून पसरणी घाट चढला की पाचगणी. हा घाट लेकीने चढवला. दाजी शेजारी बसून, आवाज न चढवता, एकेक गोष्ट सांगत होते, ती जशीच्या तशी देतो.

"चढाच्या आधी गिअर खाली घे, चढात अडकल्यावर नको. इंजिन कण्हायला लागेपर्यंत थांबायचं नाही."

"गाडीचं तोंड वळलं म्हणजे गाडी वळली असं नाही. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, आतून कापतात. म्हणून यू वळणावर आधी बाहेर जा, मग आत घे. आणि मागचं शेपूट दुसऱ्या बाजूला फेकलं जातं, ते आरशात बघ."

"मागं चार गाड्या साठल्या की जागा बघून बाजूला हो. आपण घर घेऊन निघालोय, त्यांना कामाला जायचंय."

घाट अर्धा चढल्यावर खाली वाईचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसू लागले. आईंनी खिडकीचा पडदा बाजूला केला तो पाचगणी येईपर्यंत सोडला नाही. सोलापूरला उजनीचे पाणी भीमेतून येते, आणि ही भीमा पुढे कर्नाटकात ज्या कृष्णेला मिळते ती कृष्णा या खोऱ्यातली. महाबळेश्वरच्याच डोंगरातून सावित्रीही निघते; पण ती पश्चिमेला उडी घेते आणि महाडला जाते. एकाच डोंगराचे पाणी, एक सोलापूरच्या नदीला भेटायला निघालेले आणि दुसरे चवदार तळ्याच्या गावाला.

मुक्कामाची जागा

पाचगणीच्या पुढे ऊन उतरू लागले. आईंना त्याच रात्री महाड गाठायचे होते. दाजींनी मान हलवली. "नवा घाट, मोठी गाडी आणि अंधार, हे तिन्ही एका दिवशी नको." तेव्हा पठारावरच मुक्काम ठरला.

चाकांवरच्या घरात पाणी असते, चूल असते, अंथरूण असते. नसते ती फक्त उभे राहायची जमीन. रस्त्याच्या कडेला वळणावर असली गाडी लावणे धोक्याचे, आणि जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय थांबता येत नाही. म्हणून रस्त्यालगतच्या एका वाडीत विचारायला आम्ही उतरलो. मालकांनी गाडीभोवती कौतुकाने एक फेरी मारली, भाडे सांगितले, आम्ही कबूल केले. मग त्यांनी गाव विचारले. गावानंतर आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर, आज पाहुणे येणार आहेत, जागा मोकळी नाही, असे म्हणाले. आवार रिकामेच होते.

आम्ही गाडीत परत येऊन बसलो. कोणी काही बोलले नाही. लेकच म्हणाली, "मामा, यांना काय झालं?" तिला सगळे कळले होते, तरी आमच्या तोंडून ऐकायचे होते. आम्ही तिला खरे काय ते सांगितले.

दोन किलोमीटर पुढे स्ट्रॉबेरीच्या शेतात काम करणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाने विहिरीजवळची सपाट जागा दाखवली. त्यांनी नाव विचारले नाही. विचारले ते एवढेच की म्हातारं माणूस आहे का बरोबर, थंडी फार पडते. विजेची तार ओढून दिली, सकाळी दूध आणून दिले आणि ठरल्याहून एक पैसा जास्त घेतला नाही. एकाच पठारावर, एकाच संध्याकाळी, ही दोन्ही माणसे भेटली. दोन्ही लिहिणे आमचे कर्तव्य आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्यांसाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले वाहनतळ, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, व्हावेत असे त्यात आहे. अशा तळांची गरज आपल्यासारख्यांना इतरांहून जास्त आहे, कारण नोंदणीच्या खिडकीवर पावती फाडून मिळणारी जागा ही कोणाची मेहेरबानी नसते.

आंबेनळीचा उतार

सकाळी आठला, धुके विरल्यावर, महाबळेश्वर सोडले. पोलादपूरपर्यंतचा रस्ता चाळीस किलोमीटरच्या आसपास, पण त्याला दोन तास धरावेत. आधी दाट झाडी. फांद्या इतक्या खाली की उंच गाडीच्या छताला त्या घासू नयेत म्हणून रस्त्याच्या मधूनच जावे लागते आणि समोरून कोणी आले की जवळजवळ थांबावे लागते. मग एकदम डावी-उजवीकडे दऱ्या उघडतात, आणि जावळीच्या खोऱ्यापलीकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसतात.

हा घाट देखणा आहे तसाच क्रूर आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस याच घाटात खोल दरीत कोसळली आणि बसमधला एकच माणूस वाचला. पावसाळ्यात इथे दरडी येतात, रस्ता बंद होतो. म्हणून जून ते सप्टेंबर मोठी गाडी घेऊन या वाटेला जाऊ नये, आणि एरवीही निघण्यापूर्वी घाट चालू आहे का याची चौकशी करावी.

वाडा कुंभरोशीपर्यंत, जिथून प्रतापगडाचा रस्ता फुटतो, गाडी दाजींनी आणली. तिथे त्यांनी अर्धा तास गाडी थांबवली, चाकांना उट्या लावल्या आणि लेकीचा हात धरून चाकाजवळ नेला. ब्रेक सतत दाबत उतरले की ब्रेकचे ड्रम तापतात. करपल्याचा वास येतो, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी धरत नाही. म्हणून ज्या गिअरने हा घाट चढू त्याच गिअरने उतरायचे. गाडीला इंजिनानेच मागे धरायचे आणि ब्रेक थोडा, नेमका, वळणाच्या आधी लावायचा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे आणि इंजिन बंद करणारे लोक जिवाशी खेळतात. इंजिन बंद झाले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची ताकद जाते.

मग दाजी म्हणाले, "पुढचा उतार हिला घेऊ द्या."

आत्या घाबरल्या. "अहो, पोरीच्या हातात एवढा उतार? चढापर्यंत ठीक होतं."

आम्हीही गप्प होतो, कारण मनातून आत्यांचेच पटत होते. तेव्हा आई बोलल्या. "मसूरच्या पोरांच्या हातात कासरा दिला तेव्हा कुणी शिकवलं होतं त्यांना? हिच्याजवळ परवाना आहे आणि बाप शेजारी बसलाय. चालव गं."

लेक चालकाच्या जागेवर बसली. दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस पळेल एवढ्या वेगाने, गाडी खाली निघाली. आंधळ्या वळणावर भोंगा, वळण संपेपर्यंत नजर वळणाच्या शेवटावर. चौथ्या-पाचव्या वळणावर खालून एसटी वर आली. जिथे दोन वाहने एकदम मावत नाहीत तिथे उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी, हा आपल्या वाहतूक नियमांतच लिहिलेला नियम आहे; कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणे कठीण. लेकीने वीस-पंचवीस फूट आधीच, डोंगराच्या बाजूला जागा बघून गाडी उभी केली आणि दिवा दाखवला. एसटी घरघरत शेजारून गेली. चालकाने हात वर केला, मग स्टिअरिंगवर मुलगी बघून पुन्हा एकदा केला. दाजींच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते ते अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कधी दिसले नसेल. २०२३ पासून एसटीच्या गाडीवरही महिला चालक दिसू लागल्या आहेत, हे त्यांनीच मग अभिमानाने सांगितले.

तासाभराने हवा उबदार झाली, नारळ-सुपारी दिसू लागली आणि पोलादपूर आले.

महाड

पोलादपूरहून महामार्गाने अर्ध्या तासात महाड. गावातले रस्ते अरुंद, म्हणून गाडी बाहेर मोकळ्या तळावर लावली आणि आईंसाठी रिक्षा करून तळ्यावर गेलो.

१९ आणि २० मार्च १९२७ ला इथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या वेळी परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे भरलेले असून. २० तारखेला बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा मुंबईहून येणाऱ्यांनी धरमतरमार्गे मोटारबसची वाट सोडली आणि ‘पद्मावती’ बोटीने दासगाव गाठले. मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर काय, हा प्रश्न होता; दासगावहून महाड पाच मैल, ते पायी चालता येत होते. आणि ते चालले. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला मात्र पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

ज्यांना वाहन मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता, त्यांनी पायांचा भरवसा धरून वाट आखली. आई पायरीवर बसल्या आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, "परतीला पण तूच चालव."

जाणाऱ्यांसाठी

परतताना माणगाववरून ताम्हिणी घाटाने पुणे आणि तिथून सोलापूर महामार्ग धरला. वाट लांब पडते, पण मोठ्या गाडीला सोयीची आहे. २० मार्चला महाडात देशभरातून लोक येतात. त्या दिवशी असली गाडी नेऊ नये. बसने जावे आणि चाकांवरचे घर एरवीच्या दिवसांसाठी ठेवावे. चार-पाच कुटुंबांनी वर्गणी काढली आणि दोन फेऱ्यांत वाटून घेतले तर भाडे आवाक्यात येते. प्रत्येक गाडीत घाट माहीत असलेला एक माणूस असावा, आणि शिकणारे एक तरुण माणूस असावे; मुलगी असेल तर फारच चांगले.

शेवटी सांडपाण्याच्या टाकीचे. ती भरली की पुष्कळ लोक घाटातल्या एखाद्या ओढ्यावर तोटी उघडून मोकळे होतात. आम्ही ती पुण्याला पोचेपर्यंत बंद ठेवली आणि गाडी परत देताना तिथल्या गटारातच सोडली. घाटातला प्रत्येक ओढा खाली कोणत्या तरी वस्तीच्या पिण्याच्या पाण्याला जातो, आणि पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.